रंगून १९४५ : डाकोटा, खाड्या आणि पावसाची मुदत

३ मे १९४५ रोजी २६वी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशाची तेव्हाची राजधानी रंगूनमध्ये शिरली, तेव्हा जपानी सैन्य शहर सोडून गेलेले होते. त्यामुळे समुद्रमार्गे केलेली ही चढाई, जिचे सांकेतिक नाव 'ड्रॅक्युला' होते, अनावश्यक होती असे अनेकदा म्हटले जाते. ही मोहीम कोणत्या अडचणीतून आखली गेली ते पाहिले, तर हा शेरा अन्यायाचा वाटतो.

अडचण होती रसदीची. मार्च ते जुलै १९४४ या काळात इंफाळ आणि कोहिमा येथे जपानी आक्रमण मोडून काढल्यानंतर जनरल विल्यम स्लिम यांची, ब्रिटिशांच्या बाजूने लढणारी चौदावी आर्मी चिंदविन नदी ओलांडून मध्य ब्रह्मदेशात उतरू लागली. मागचे रस्ते डोंगरातले, बरेचसे कच्चे होते, आणि म्हणून धान्य, दारूगोळा आणि पेट्रोल यांचा फार मोठा भाग डाकोटा या मालवाहू विमानांनी पोहोचवावा लागत होता. परंतु तळापासून साधारण ४०० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर डाकोटाची वाहतूक परवडत नसे. सैन्य जितके दक्षिणेकडे जाई तितकी एकेका विमानाच्या फेऱ्यांची संख्या घटत जाई. त्यातच डिसेंबर १९४४ मध्ये चीनमधील आघाडीसाठी ७५ डाकोटा एकाएकी काढून घेण्यात आली, आणि स्लिम यांचे सगळे वेळापत्रक विस्कटले.

यावर उपाय होता तो ब्रह्मदेशाच्या पश्चिमेकडील अराकान किनाऱ्यावर. अक्याब आणि रामरी बेटावर धावपट्ट्या मिळाल्या तर विमानांचे अंतर कमी होणार होते, आणि त्यासाठी आरमाराची गरज होती. ३ जानेवारी १९४५ रोजी अक्याब प्रतिकाराविना हाती आले आणि २१ जानेवारीला रामरीवर सैन्य उतरले. मात्र किनाऱ्यालगतच्या जपानी तुकड्यांची माघारीची वाट तोडण्यासाठी कांगॉ येथे जी लढाई झाली, ती अराकानमधील अत्यंत निकराच्या लढायांपैकी एक ठरली. तिथे समुद्रकिनारा असा नव्हताच. तिवरांच्या दाट रानातून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद खाडीतून होड्या आत न्यायच्या, चिखलात उतरायचे, आणि समोरच्या टेकड्यांवरून तोफांचा मारा चालू असताना भातखाचरे ओलांडायची. रॉयल इंडियन नेव्हीच्या 'नर्मदा' आणि 'जमुना' या युद्धनौका या खाड्यांत शिरून तोफा डागत होत्या. कांगॉ घेणाऱ्या ५१व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. भारतीय अधिकारी लढाईत पलटण चालवू शकतील की नाही, अशी शंका घेणारे त्या काळी सैन्यात कमी नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सन्मानाचे मोल कळते.

दरम्यान स्लिम यांनी इरावतीवर जपान्यांना चकवले होते. त्यांच्या आर्मीची ३३वी कोअर (काही डिव्हिजनांचा गट) मंडालेवर उघडपणे चालून जात असताना चौथी कोअर गुपचूप पश्चिमेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकली आणि १४ फेब्रुवारीला न्याउंगू येथे नदी ओलांडू लागली. त्या काठावर गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्या हाताखालील आझाद हिंद सेनेची तुकडीही होती. भारतीयांसमोर भारतीय उभे होते. मार्चच्या आरंभी मेकटिला हे मध्य ब्रह्मदेशातील जपान्यांचे रसदीचे ठाणे पडले. इथे रणगाड्यांशी लढायला साधने न उरलेले जपानी सैनिक खड्ड्यात बसून, मांडीशी विमानबॉम्ब आणि हातात दगड घेऊन, रणगाडा डोक्यावर येण्याची वाट पाहत होते. पुढे जपान्यांनीच मेकटिलाला वेढा घातला, तेव्हा पायदळाने आधी धावपट्टीचा परिसर साफ करायचा आणि मगच विमाने उतरायची, असा रोजचा क्रम झाला. २० मार्चला मंडाले पडले.

आता रंगून पाचशे किलोमीटरवर होते आणि मान्सूनला जेमतेम दोन महिने होते. पाऊस लागला की कच्चे रस्ते आणि धावपट्ट्या चिखलात जाणार. बंदर हाती नसेल तर आर्मीला पोसणार कसे? म्हणून स्लिम यांनीच समुद्रावरून चढाईचा आग्रह धरला आणि एप्रिलच्या आरंभी आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी तिला मान्यता दिली. १ मे रोजी गुरखा छत्रीधारी सैनिक नदीमुखाजवळच्या एलिफंट पॉइंटवर उतरले आणि २ मे रोजी नदीच्या दोन्ही काठांवर सैन्य उतरवण्यात आले. त्याच दिवशी विंग कमांडर सॉन्डर्स यांना विमानातून रंगूनच्या तुरुंगाच्या छपरावर युद्धकैद्यांनी रंगवलेला, जपानी निघून गेल्याचा मजकूर दिसला. त्यांनी खड्डे पडलेल्या मिंगलाडोन विमानतळावर विमान उतरवले, पायी तुरुंग गाठला आणि मग होडीतून नदीमुखाकडे जाऊन खबर दिली. सुव्यवस्था राखण्यासाठी मागे राहिलेल्या आझाद हिंद सेनेच्या जवानांनी मेजर जनरल लोगनाथन यांच्या नेतृत्वाखाली शरणागती पत्करली.

उत्तरेकडून येणारी चौदाव्या आर्मीची १७वी डिव्हिजन त्या वेळी पेगूपाशी, रंगूनपासून सुमारे ८० किलोमीटरवर होती. पाऊस पंधरवडाभर आधीच कोसळला, ओढ्यांना पूर आले आणि पुढची वाट पाण्याखाली गेली. दोन्ही डिव्हिजनांची गाठ ६ मे रोजी हलेगू येथे पडली, आणि त्यानंतर चौदाव्या आर्मीची रसद रंगून बंदरातून येऊ लागली.