स्पीड गव्हर्नरचा दाखला: पासिंगला गाडी नेमकी कुठे अडते

ट्रक, टँकर, डंपर, बस यांचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, अडलं की मालक आधी ब्रेक आणि लाइट तपासून घेतात. पण बऱ्याचदा गाडी ठणठणीत असते. अडतो तो स्पीड गव्हर्नरचा, म्हणजे वेग नियंत्रकाचा कागद.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 118 सांगतो की 1 ऑक्टोबर 2015 पासून तयार झालेल्या वाहतुकीच्या गाडीला वेग नियंत्रक हवाच, आणि तो कंपनीने किंवा डीलरने बसवून द्यायचा. त्याआधीच्या गाड्यांना तो बाहेरून बसवून घ्यावा लागतो. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्या यांना सूट आहे. आणखी एक सूट आहे, तिच्यावरून खिडकीवर रोज वाद होतात. गाडीचा कमाल वेगच ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जात नसेल तर उपकरण लागत नाही. पण ‘आमचा जुना ट्रक 80 च्या वर पळतच नाही’ हे तोंडी सांगून भागत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने त्या मॉडेलला तसं प्रमाणित केलेलं असावं लागतं. तो कागद नसेल तर ट्रक बैलगाडीच्या वेगाने जात असला तरी उपकरण बसवा.

आता आकड्यांचा घोळ. एप्रिल 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे, शहरात आणि इतर रस्त्यांवर 60 ची. बसला द्रुतगती मार्गावर 100 आणि चौपदरीवर 90 ची मुभा आहे. ही झाली रस्त्याची मर्यादा. उपकरण मात्र बसलाही 80 वरच बांधलेलं असतं. एकाच मंत्रालयाचे दोन आकडे का, हे विचारण्यात अर्थ नाही. पासिंगला उपकरणाचाच आकडा बघतात. शिवाय राज्य सरकार घाटात किंवा गावाजवळ मर्यादा आणखी खाली आणू शकतं, त्यामुळे फलकावर कमी आकडा असेल तर तोच खरा.

डंपर, टँकर, शाळेची बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना उपकरण 60 वर लागतं. सगळ्यात जास्त फेटाळणी इथे होते. साधा ट्रक घेतला, नंतर त्यावर टाकी चढवली, आरसीवर बॉडीचा प्रकार बदलून घेतला, पण उपकरण जुन्या 80 वरच राहिलं. आरसी म्हणते टँकर, दाखला म्हणतो 80. निरीक्षकाला इतकं पुरतं. बॉडी बदलली की त्याच आठवड्यात उपकरण 60 वर लावून नवा दाखला घ्या, पासिंगच्या तारखेपर्यंत थांबू नका.

दुसरी अडचण म्हणजे मूळ दाखलाच नसणं. जुनी गाडी विकत घेताना आरसी, विमा, परमिट सगळं मागून घेतात, पण हा दाखला कुणाला आठवत नाही. त्यावर गाडीचा क्रमांक, चेसिस नंबर, इंजिन नंबर, उपकरणाचा क्रमांक, बांधलेला वेग आणि बसवल्याची तारीख असते. तो हरवला असेल तर आधी उपकरणावरचा क्रमांक वाचा आणि बसवणाऱ्याकडे किंवा उत्पादकाकडे दुसरी प्रत मागा. थेट दलालाकडे गेलात तर ‘साहेब, नवीनच बसवू’ हे ऐकायला मिळेल. चालू उपकरण काढून नवं विकण्यात त्याचा फायदा आहे, तुमचा नाही. कंपनीच बंद पडली असेल तरच नवं घ्या, आणि तेही मान्यताप्राप्त. नोंद ‘वाहन’ या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर चढली का, हे दुकानातून निघण्याआधी बघा. नुसता शिक्का मारलेला कागद हातात घेऊन येणारे परत जातात.

चेसिस नंबर मात्र एकेक अक्षर जुळवून बघा. 17 अक्षरी चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दाखल्यावर ‘ओ’ दिसला तर टाइप करणाऱ्याने शून्याच्या जागी तो मारला आहे. एवढ्याशा चुकीने दिवसाचं भाडं बुडतं.

तारखेचं गणितही चुकतं. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. दोन वर्षांची सवय लागलेला माणूस नवव्या वर्षी हमखास फसतो. पासिंगची मुदत संपलेली गाडी कायद्याने वैध नोंदणीची मानलीच जात नाही, हे अपघात झाल्यावर विमा कंपनी शिकवते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो; तो थकला असेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

बाकी प्रक्रिया सोपी आहे: परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, शुल्क, वेळ घेणं, ठरलेल्या दिवशी गाडी नेणं. सोबत आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, परमिट, रिफ्लेक्टर टेपचा दाखला आणि अर्थातच वेग नियंत्रकाचा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर आधीच्या मालकाचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाईल, म्हणून तो आधी बदला.

गाडी नेण्याआधी ड्रायव्हरला एकदा विश्वासात घेऊन विचारा की वायर काढली आहे का. चढावर गाडी ओढत नाही म्हणून अनेक जण उपकरण बंद करून ठेवतात आणि मालकाला सांगत नाहीत. सील तुटलेलं दिसलं की दाखला कितीही नवा असला तरी चालत नाही. टायरचं माप बदललं असेल तेही सांगा: चाकाचा घेर वाढला की 80 वर बांधलेली गाडी प्रत्यक्षात त्याहून जास्त पळते, आणि उपकरण पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.