एमबीआरची तुलना इतकी किचकट का झाली

मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे एमबीआर (सांडपाणी साफ करताना गाळ आणि पाणी मेंब्रेनने, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्याने, वेगळं करायची पद्धत), साध्या अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजपेक्षा खरंच भारी आहे का आणि त्यातही हॉलो फायबर (पोकळ धाग्यांचं मेंब्रेन) बरा की फ्लॅट शीट (सपाट पडद्यांचं), हा वाद कायम चालू असतो, पण मागचं माहीत नसेल तर आकडे नुसते डोक्यावरून जातात.

मूळ पद्धत, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज, १९१४ ची, मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांची. सांडपाण्यात हवा सोडायची, जिवाणू घाण खातात, मग सेटलिंग टँकमध्ये गाळ (म्हणजे मुख्यतः त्या जिवाणूंचेच पुंजके) खाली आणि पाणी वर. सगळी गोम त्या खाली बसण्यात आहे. गाळ फुगला की बसतच नाही, सरळ पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून टाकीत तो फार दाट ठेवता येत नाही, लिटरला साधारण २ ते ४ ग्रॅम, बस.

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या डॉर-ऑलिव्हर कंपनीने सेटलिंग टँकच्या जागी अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिबारीक गाळणीचं) मेंब्रेन लावलं. पाणी एकदम स्वच्छ यायला लागलं, पण मेंब्रेन टाकीबाहेर असल्यामुळे ते चोंदू नये म्हणून गाळ त्यातून सतत जोरात फिरवत ठेवायला लागायचा, म्हणजे एका घनमीटरमागे कित्येक युनिट वीज, वर मेंब्रेन महाग ते वेगळंच. त्यामुळे बरीच वर्षं हे प्रकरण मोजक्या ठिकाणीच अडकून पडलं.

कलाटणी मिळाली १९८९ ला. टोकियो विद्यापीठात यामामोटो आणि सहकाऱ्यांनी हॉलो फायबर थेट एरेशन टँकमध्येच (हवा सोडायच्या टाकीत) बुडवला आणि हलक्या सक्शनने पाणी ओढलं. फिरवायचा मोठा पंप गेला, घासायचं काम बुडबुड्यांकडे आलं. मग १९९० च्या दशकात जपानच्या कुबोटाची फ्लॅट शीट आणि कॅनडाच्या झेनॉनचा हॉलो फायबर असे दोन तट पडले. वीज एका युनिटच्या आसपास किंवा त्याहून खाली आली, आणि गाळ लिटरला ८ ते १२ ग्रॅमपर्यंत ठेवता आल्याने टाकीही लहान झाली.

आता गंमत अशी की सुरुवातीला लोक बीओडी (घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते) आणि सस्पेंडेड सॉलिड्स (पाण्यात तरंगणारे कण) मोजून तुलना करायचे, पण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनच्या छिद्रातून गाळ जाणारच कसा, त्या परीक्षेत सगळेच पास! मग भांडण फ्लक्सवर आलं, म्हणजे एका चौरस मीटर मेंब्रेनमधून तासाला किती लिटर पाणी निघतं त्यावर. १९९५ मध्ये क्रिटिकल फ्लक्सची कल्पना पुढे आली, की ठराविक मर्यादेपुढे ओढलं तर फाउलिंग, म्हणजे मेंब्रेन चोंदणं, झपाट्याने वाढतं. तेव्हापासून नुसता फ्लक्सचा आकडा माझ्या मते अर्धवटच, घासायला हवा किती सोडली, हायपोक्लोराइटने (ब्लीचने) मेंब्रेनची धुलाई किती वेळा केली आणि पाणी किती थंड होतं (थंड पाणी घट्ट असतं, फ्लक्स आपोआप पडतो) हे सोबत नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आणि स्क्रीन, म्हणजे सांडपाणी मेंब्रेनपर्यंत जाण्याआधीची जाळी! हॉलो फायबरमध्ये केस आणि धागे गुंडाळून बसतात म्हणून त्याला १-२ मिमीची बारीक जाळी लागते, फ्लॅट शीट ३ मिमीवरही चालवून घेते. जाळीच चुकीची बसवली असेल तर दोष मेंब्रेनच्या नावावर जातो.