मुखमार्गी रोबोटिक शस्त्रक्रिया

घशाच्या कर्करोगाची गाठ गळा किंवा जबडा न चिरता तोंडावाटेच काढण्याची पद्धत. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘टॉर्स’, म्हणजे ‘ट्रान्सओरल रोबोटिक सर्जरी’चे लघुरूप. टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि स्वरयंत्राचा वरचा भाग ही तिची मुख्य ठिकाणे. कोल्हापूर परिसरात जास्त आढळणारा गालाचा किंवा हिरडीचा कॅन्सर यात मोडत नाही. तिथे सर्जनचा हात थेट पोचतो, रोबोट लागत नाही.

रोबोट स्वतःहून काहीच कापत नाही. सर्जन चार पावलांवरच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-मेजावर बसून मूठ आणि मनगट हलवतो, तशी तोंडात शिरलेली दोन बारीक अवजारे हलतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते. जिभेचे मूळ कोपऱ्याआड असते. पूर्वीचा लेझर सरळ रेषेतच चाले. इथे कॅमेरा तिरपा बघतो आणि अवजाराचे टोक वळते. उणीव एकच पण मोठी : बोटाला लागणारा कठीणपणा सर्जनला जाणवत नाही, सगळी भिस्त डोळ्यांवर.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ग्रेगरी वाइनस्टीन आणि बर्ट ओमॅली यांनी ही पद्धत बसवली. ‘दा विंची’ या रोबोट-यंत्राला या कामासाठी अमेरिकेत डिसेंबर २००९ मध्ये, लहान गाठींपुरती परवानगी मिळाली. त्याआधी इथवर पोचायला अनेकदा खालचा ओठ आणि जबडा मधोमध दुभंगावा लागे. दुसरा मार्ग शेकाचा (रेडिएशनचा) : साधारण ७ आठवड्यांत ३५ वेळा, बहुधा सोबत केमो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरेटर’ चाचणीत शेक किंवा ही शस्त्रक्रिया घेतलेल्या ६८ रुग्णांची तुलना झाली; वर्षभरानंतर गिळण्याच्या बाबतीत शेक घेतलेले किंचित उजवे ठरले. त्यामुळे रोबोट म्हणजे आपोआप सरस, ही जाहिरातीची भाषा झाली.

पाश्चात्त्य देशांत हा आजार बराचसा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. आपल्याकडे तंबाखू पुढे. कोल्हापूरच्या दक्षिणेला हमरस्त्यावरच निपाणीची तंबाखूची बाजारपेठ. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी पानटपरीवर मावा चोळून मिळतोच. माव्यातली सुपारी गालाच्या आतली कातडी आखडवते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. तोंड किती उघडते, हीच या शस्त्रक्रियेची पहिली परीक्षा. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, “बोटं घाला बघू, तीन, उभी.” निरोगी माणसाची तीन बोटे सहज जातात. दीडच बोट मावत असेल तर तोंड उघडे धरणारा चिमटा बसत नाही आणि कोटींचे यंत्र बाहेरच राहते. गाठ जबड्याच्या हाडात शिरली असेल किंवा मुख्य रक्तवाहिनीला चिकटली असेल, तरीही ही वाट बंद.

प्रत्यक्षात भूल देऊन जीभ टाक्याने पुढे ओढून धरतात. रुग्णाच्या डोक्याशी बसलेला सहायक धूर आणि रक्त ओढून घेतो. त्याच्या हातावर बरेच काही अवलंबून असते. गाठीभोवती निरोगी कड ठेवून तुकडा काढतात, कडा तपासायला पाठवतात. मानेतल्या लसिका-गाठी बाहेरून वेगळ्या काढाव्या लागतात, त्यामुळे ‘चीर नाही’ हे घशापुरतेच खरे. आतली जखम बहुधा टाके न घालता तशीच भरू देतात.

मग काही दिवस अन्नासाठी नाकातून नळी. गिळायला पुन्हा शिकताना पाणीच जास्त फसवते, पातळ घोट श्वासनलिकेत उतरतो. घट्ट पेज किंवा दही सोपे जाते. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवतात. तांबडा रस्सा बराच काळ लांबच.

सर्वांत धास्तीचा धोका रक्तस्रावाचा, आणि तो घरी गेल्यावरही, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत होऊ शकतो. तो कमी घातक व्हावा म्हणून मानेच्या शस्त्रक्रियेत काही रक्तवाहिन्या आधीच बांधून ठेवतात. तरीही थुंकीत ताजे लाल रक्त दिसले तर सकाळची वाट न पाहता निघायचे असते. गगनबावड्याकडच्या रुग्णाने म्हणूनच ते दिवस कोल्हापुरात पाहुण्यांकडे काढलेले बरे. रात्रीचा घाटाकडचा रस्ता आणि भरलेला घसा यांची गाठ पडू नये.