हळद दुबईला जाते, निर्यातदार कोण?

सांगलीत हळद पावडरचं युनिट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, "माल बाहेर जातो का?" उत्तर येतं, "जातो की, दुबईला." शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद, कुणाच्या नावावर, असं पुढे विचारलं की आवाज जरा खाली येतो. "ते मुंबईची पार्टी बघते."

म्हणजे माल परदेशी जातो, पण निर्यात मुंबईची पार्टी करते. तिला म्हणायचं मर्चंट एक्सपोर्टर. कागदोपत्री तुम्ही तिला देशातच माल विकलेला असतो. बाहेरचा ग्राहक तिचा, परकीय चलन तिच्या खात्यात, निर्यातीचे लाभही तिलाच. तुम्हाला रुपयात पैसे मिळतात. दुबईतला माणूस तुम्हाला ओळखतही नाही.

स्वतः निर्यात करायची तर 'आयईसी' कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, साइटवर ५०० रुपयांत मिळतो, म्हणून बरेच जण तो काढून ठेवतात आणि आपण निर्यातदार झालो असं समजतात. हळदीला मसाला बोर्डाची निर्यातदार नोंदणीही लागते, जीएसटी न भरता माल पाठवायला दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यावा लागतो. पण कागद हा सोपा भाग. अवघड भाग पुढचा: युरोपात हळदीत अफ्लाटॉक्सिन बी-१ (बुरशीमुळे तयार होणारं विष) किलोमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. तिकडच्या बंदरात नमुना नापास झाला की कंटेनर, त्याचं भाडं आणि परतीचा खर्च, सगळं तुमच्या गळ्यात. पैसे बुडू नयेत म्हणून ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा मिळतो, पण माल नापास झाल्यामुळे ग्राहकाने हात वर केले तर त्या विम्यावर भिस्त ठेवू नका.

मग मर्चंटमार्फत जाणं बिनधोक? तसंही नाही, आणि इथेच लोक फसतात.

मर्चंट एक्सपोर्टरला सवलतीत माल देताना हळदीवर ५ टक्क्यांऐवजी ०.१ टक्का जीएसटी लावता येतो. १० लाखांच्या बिलावर ५०,००० ऐवजी फक्त १,००० रुपये. छान वाटतं. पण अट अशी की तुमच्या बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. पार्टीने तो गोदामात अडवून ठेवला, तर सवलत जाते ती तुमची. उरलेले ४९,००० आणि वर व्याज, याची नोटीस तुमच्या दारात येते. पार्टी तोवर फोनही उचलत नाही.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन लॉट मर्चंटमार्फतच जाऊ द्यावेत. तीन महिने पैसे अडकले तरी शेतकऱ्याचं आणि अडत्याचं देणं भागवता येतं, आणि तिकडची तक्रार इंग्रजीत वाचून दुसऱ्या दिवशी उत्तर देणारं कुणी ऑफिसात आहे, असं झालं की स्वतः उतरावं. नफ्यातला फरक पाहून उडी मारणारे मी बरेच पाहिलेत; त्यातले काही परत मुंबईच्या पार्टीकडेच गेले.

तोवर एक करा. प्रत्येक बिलाच्या ७५व्या दिवसाचा मोबाइलवर अलार्म लावा, आणि तो वाजला की पार्टीकडे शिपिंग बिलाची प्रत आणि माल जहाजावर चढल्याचा पुरावा, म्हणजे ईजीएम, मागा. "उद्या पाठवतो" हे उत्तर दोनदा आलं, तर तिसरा लॉट भरू नका.