हृदयप्रतिमांकन व दुर्मीळ हृदयविकारांचे निदान : खानदेशाच्या संदर्भात

हृदयाची रचना आणि हालचाल ध्वनिलहरी, क्ष-किरण, चुंबकीय क्षेत्र किंवा किरणोत्सारी द्रव्य यांच्या साहाय्याने पाहून विकार ओळखण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे हृदयप्रतिमांकन म्हणतात. धाप, पायांवरची सूज व धडधड ही लक्षणे अनेक विकारांत सारखीच असतात. जळगाव-धुळ्याकडचा रुग्ण ‘दम लागस’ एवढेच सांगतो आणि त्या दोन शब्दांमागे साध्या रक्तक्षयापासून अतिशय दुर्मीळ विकारापर्यंत काहीही असू शकते. अशा वेळी निदानाचा मोठा भार प्रतिमांवर पडतो.

या पद्धतींत पहिली पायरी टू-डी इकोची, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये धातूतील दोष शोधण्याचे यंत्र हृदयावर वापरून या तपासणीचा पाया घातला. रुग्णाला डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन निजवतात; त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकते आणि फुप्फुसातील हवेचा अडथळा कमी होतो. बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण) टेकवला की झडपांची उघडझाप, भिंतींची जाडी आणि रक्तप्रवाहाचा वेग समोर दिसतो. किरणोत्सर्ग नसलेली व तुलनेने स्वस्त अशी ही तपासणी असल्यामुळे दुर्मीळ विकाराची पहिली शंका बहुधा येथेच येते.

शंका आणि निदान यांतले अंतर जाड झालेल्या हृदयात सर्वांत स्पष्ट दिसते. डाव्या जवनिकेची (शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याची) भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड आढळली, तर कारण जुना रक्तदाब असेल, स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार असेल किंवा स्नायूंत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचलेले असेल. अमायलॉइडमध्ये भिंत जाड दिसते, पण ईसीजीवरील लहरी अनेकदा अपेक्षेपेक्षा लहान असतात; ही विसंगती जाणत्या डोळ्याला लगेच खटकते. टोकाकडचा भाग नीट आकुंचन पावतो आणि तळाकडचा मंदावतो, हा आकृतिबंधही सूचक असतो. या विकाराच्या एका प्रकारात हाडांच्या तपासणीसाठी वापरले जाणारे टेक्नेशियमयुक्त द्रव्य हृदयात ठळकपणे शोषले जाते. मात्र रक्त व लघवीच्या चाचण्यांनी दुसरा, अधिक घातक प्रकार वगळल्याशिवाय त्या प्रतिमेवर विसंबता येत नाही. स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार ठरल्यास रुग्णाची भावंडे व मुले यांचाही इको करावा लागतो, कारण या विकारात तरुणांचा अचानक मृत्यू संभवतो.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने नंदुरबारकडील इको वाचताना वेगळी दक्षता लागते. दीर्घकालीन रक्तक्षयामुळे हृदयाला जास्त रक्त फेकावे लागते आणि त्याचे कप्पे मोठे होतात. हा बदल स्नायूंच्या मूळ विकारासारखा भासू शकतो. हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय असा इको वाचू नये, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. उजव्या बाजूच्या त्रिदली झडपेतून उलट येणाऱ्या प्रवाहाचा वेग सेकंदाला २.५ मीटर किंवा अधिक आढळल्यास फुप्फुसातील वाढत्या दाबाची शक्यता तपासतात. थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकारात वारंवार रक्त चढवल्याने हृदयात लोह साचते. ते एमआरआयच्या टी-टू-स्टार मापनाने कळते. २० मिलिसेकंदांखालील मूल्य लोहसंचयाचे आणि १० खालील मूल्य गंभीर धोक्याचे मानतात.

क्षयरोगानंतर हृदयाभोवतीचे आवरण आवळले गेल्यास पोटात पाणी होते आणि यकृताचाच विकार समजून रुग्णावर त्याचे उपचार चालू राहतात. इकोत श्वासागणिक दोन जवनिकांमधला पडदा हेलकावतो, तर सीटी स्कॅनवर आवरणातील चुन्याचा थर उठून दिसतो. निदान वेळेत झाले तर आवरण काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होऊ शकतो. म्हणून ही चूक फार महाग पडते.

हृदयाच्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे प्रतिमा ठळक करणारे द्रव्य टोचून सुमारे १० ते १५ मिनिटांनी घेतलेल्या प्रतिमांत व्रण पांढरा दिसतो. रक्तवाहिनी बंद पडल्याने आलेल्या झटक्याचा व्रण आतल्या थरापासून सुरू होतो, तर स्नायूदाहातील व्रण बहुधा बाहेरच्या थरात असतो. मानसिक धक्क्यानंतर हृदयाचे टोक फुगणारा, १९९० मध्ये जपानमध्ये वर्णिलेला ताकोत्सुबो विकारही येथे वेगळा ओळखता येतो, कारण त्यात असा व्रण सहसा नसतो. या तपासणीत पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो. सूचना रुग्णाला समजली नाही तर प्रतिमा पुसट येतात. म्हणून भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला यंत्रात नेण्यापूर्वी त्याच्या बोलीत सराव करून घेणे हा तपासणीचाच भाग ठरतो.

पुढील तपासणीसाठी नाशिक, सुरत किंवा मुंबई गाठणारा रुग्ण बहुधा अहवालाचा कागद पिशवीत घेऊन निघतो. भिंतीची हालचाल त्या कागदावर नसते. हलत्या प्रतिमांची सीडी सोबत दिली, तर दुसऱ्या तज्ज्ञाला त्याच ठोक्यांकडे नव्याने पाहता येते.