स्पेसबारची चीं-चीं आणि दोन थेंब तेलाची सवय

इंदूरमध्ये कुणालाही सांगून बघा की मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेला, घेतलाय पण स्पेसबार चीं-चीं करतो, एंटर दाबला की कुरकुरतो, उत्तर ठरलेलं आहे: भिया, मशीनचं तेल टाक दोन थेंब. सिल्व्हर मॉलमध्ये विचारा, रामबागेतल्या काकांना विचारा, सगळ्यांचं तेच, कारण शिलाई मशीनची ती छोटी तेलाची बाटली घरोघरी असते आणि वाजणारी वस्तू दिसली की हात आपोआप तिकडे जातो. सल्ला चुकीचा आहे, पण तो आला कुठून हे बघितलं तर सांगणाऱ्याचा राग येत नाही.

तो आला टाइपरायटरवरून. अमेरिकेत शोल्स आणि त्याच्या सोबत्यांनी 1868 मध्ये पेटंट घेतलं, रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने 1874 च्या सुमारास ते यंत्र बाजारात आणलं, आणि आपण आजही जो क्वर्टी बडवतो तो तिथूनच आलेला. आपल्याकडे 1955 मध्ये गोदरेजने देशी बनावटीचा टाइपरायटर काढला आणि मग कोर्ट, कचेऱ्या, टायपिंग क्लास सगळीकडे हीच धडधड. हे यंत्र म्हणजे सगळं लोखंड, कळ दाबली की एक दांडी दुसरीला ओढते, ती तिसरीला, आणि शेवटी अक्षराचा खिळा कागदावर आपटतो. लोखंडावर लोखंड घासलं की तेल लागतंच, त्यात चूक काय.

पण इथेच एक गंमत आहे जी बघणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. टाइपरायटरचा चांगला मेकॅनिक सगळीकडे तेल घालायचाच नाही. कागदाचा रोलर ज्याच्यावर बसतो तो गाडा ज्या रुळांवर सरकतो तिथे पुसटसं तेल, बस. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धगोल खाचांमध्ये बसतात तिथे तेलाला सक्त मनाई, कारण तेलावर धूळ बसते, रिबनच्या शाईची बुकणी बसते, खोडरबराचा चुरा बसतो आणि महिन्याभरात त्याचं गोंदासारखं काहीतरी होऊन दांड्या अडकायला लागतात. तिथे ब्रश आणि स्पिरिट नाहीतर पेट्रोल मारून नुसतं साफ करायचं आणि कोरडं सोडायचं. बघणाऱ्यांनी तेलाची कुपी लक्षात ठेवली आणि ब्रश विसरले, असं माझं मत.

टाइपरायटर गेले, पण त्यांची बोटं राहिली. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी जी सीपीसीटी परीक्षा द्यावी लागते तिच्यात हिंदी टायपिंगला अजूनही रेमिंग्टनवरून आलेला लेआउट चालतो, त्यामुळे आपल्याकडची मराठी घरातली पोरंही क्लासला जाऊन तीच मांडणी घोटतात, आणि टाइपरायटरवर शिकलेला हात कळ फार जोरात मारतो, तो वारसाही आलाच.

आता कॉम्प्युटरकडे या. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर 1981 मध्ये आला तेव्हा त्याच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली एक उभी स्प्रिंग होती, दाबली की ती मधेच एका बाजूला वाकायची आणि खाडकन आवाज यायचा. 1985 चा मॉडेल एम त्याचाच भाऊ, वजन दोन किलोच्या वर. आवाज मुद्दामच ठेवलेला होता, टाइपरायटरवरून आलेल्या माणसाला अक्षर उठल्याची खात्री पटावी लागायची. त्या खडखडाटात एखादी तार कुरकुरत असली तरी ऐकू कुणाला येणार. पुढे नव्वदच्या दशकात रबराच्या टोप्यांवर चालणारे स्वस्त कीबोर्ड आले, ते बिघडले की सरळ भंगारात, दुरुस्तीचा प्रश्नच नाही, म्हणून तो काळ इथे एका वाक्यात संपवतो. भारतात मात्र या मधल्या काळात एक अपवाद टिकून होता, टीव्हीएस गोल्ड हा मेकॅनिकल कीबोर्ड. बँकेच्या काउंटरवर, डीटीपीवाल्याकडे, जो टकटक आवाज ऐकत आपण रांगेत उभे राहिलो तो बऱ्याचदा याचा, आणि आत बराच काळ चेरी कंपनीचे टकटक करणारे निळे स्विच असायचे. म्हणजे मेकॅनिकल कीबोर्ड हे गेमिंगवाल्या पोरांचं नवं फॅड वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघावं.

चेरी ही कंपनी 1953 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये एका रेस्टॉरंटच्या तळघरात सुरू झाली, पुढे कारभार जर्मनीत गेला. 1983 च्या आसपास त्यांनी एमएक्स स्विच आणला, आणि आज बाजारातले बहुतेक मेकॅनिकल स्विच त्याच घराण्यातले आहेत. एक खोका, त्यात वरखाली होणारी दांडी, खाली स्प्रिंग, बाजूला तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पट्ट्या ज्या एकमेकींना टेकल्या की अक्षर उमटतं. कळ एकूण 4 मिलिमीटर खाली जाते आणि साधारण 2 मिलिमीटरवर अक्षर लागतं. महत्त्वाचं म्हणजे ती दांडी पीओएम नावाच्या प्लास्टिकची, जे मुळातच गुळगुळीत असतं, ड्युपाँटने ते 1960 मध्ये डेलरिन नावाने बाजारात आणलं होतं आणि गिअर, बुश असल्या तेलाशिवाय फिरायच्या भागांसाठी ते आवडतं झालं. थोडक्यात या स्विचला तेल लागू नये असाच बेत होता.

मग चीं-चीं येते कुठून? बहुतेक वेळा स्विचमधून नाहीच, ती येते लांब कळींच्या स्टॅबिलायझरमधून. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या कळी लांब असल्यामुळे कोपऱ्यावर दाबलं तर तिरप्या होतील, म्हणून दोन्ही टोकांना प्लास्टिकचे सरकते तुकडे आणि त्यांना जोडणारी एक वाकवलेली स्टीलची तार, एक टोक खाली गेलं की तार दुसऱ्यालाही ओढते. ही तार प्लास्टिकच्या खाचेत फिरते, आणि खाच कोरडी असली की तार क्षणभर चिकटते, सुटते, परत चिकटते, सेकंदात शेकडो वेळा, सारंगीच्या तारेवर गज फिरल्यावर जे होतं तेच. खाच ढिली असली तर कुरकुरीऐवजी खडखड. स्विचमधून येणारा आवाज वेगळा असतो, स्प्रिंगचा बारीक टिंग किंवा दांडी कडेला घासल्याची खरखर, आणि तो सगळ्या कळींना येतो, एकाच नाही, एवढ्यावरूनही दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. आणि आपल्याकडे त्यात मे महिन्यातली माळव्याची धूळ आणि टायपिंग करता करता खाल्लेल्या पोह्यांवरची शेव धरा, ती वेगळीच.

पातळ तेल इथे का चालत नाही हे आता दिसतंच. ते तारेवरून ओघळून खाली जातं, चार दिवस शांतता, मग परत चीं-चीं, आणि खाली गेलेलं तेल स्विचच्या पट्ट्यांपर्यंत पोचलं की धूळ धरून बसतं, म्हणजे टाइपरायटरच्या खाचांचीच कथा परत. डब्ल्यूडी-40 चा फवारा मारणारे त्याहून वाईट करतात. ते अमेरिकेत 1953 मध्ये पाणी हटवून गंज थांबवण्यासाठी बनवलेलं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला वापरलेलं, नावातला 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पॉलीकार्बोनेटवर वापरू नका असं ती कंपनी स्वतःच सांगते, आणि आतल्या लाइटचा उजेड दिसावा म्हणून बऱ्याच स्विचची झाकणं नेमकी पॉलीकार्बोनेटची असतात.

योग्य औषध विमान-अवकाशवाल्यांकडून आलं. ड्युपाँटमध्ये 1959 च्या आसपास क्रायटॉक्सवर काम सुरू झालं, फ्लोरिनवालं तेल आणि ते घट्ट करायला टेफ्लॉनच्या जातीची पूड, ना सुकतं ना प्लास्टिकला खातं. त्यातलं 205 नंबरचं झिरो ग्रेडचं पांढरट ग्रीस कीबोर्डच्या शौकिनांनी उचललं आणि बारीक चित्रकलेच्या ब्रशने स्विचच्या कडांना लावायला लागले. तारेसाठी त्याहून जाड, विजेच्या जोडांना लावतात ते डायइलेक्ट्रिक ग्रीस. स्टॅबिलायझरच्या सरकत्या तुकड्यांचे तळाचे जादाचे पाय नेलकटरने छाटणं, ते तुकडे आपटतात तिथे सर्किट बोर्डावर बँड-एडची पट्टी चिकटवणं, हे सगळे उद्योगही याच मंडळींचे, आणि पट्टी खरंच काम करते, हसू नका.

हे शौकिनांपुरतं का राहिलं नाही याला दोन कारणं. चेरीचं मूळ पेटंट संपल्यावर 2014 च्या सुमारास कैल, गॅटेरॉन, आउटेमू या चिनी कंपन्यांचे स्विच सगळीकडे दिसायला लागले आणि मेकॅनिकल कीबोर्ड दोन-तीन हजारांत आला. मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, शेजारी आई झोपलेली, मीटिंगमध्ये माइक चालू, टकटक करणारे निळे स्विच नकोसे झाले आणि लोक लाल, टकटक न करणाऱ्या स्विचकडे वळले, वर कीबोर्डच्या खोक्यात फोम भरायला लागले. कीबोर्ड गप्प झाला आणि इतकी वर्षं टकटकीत दडलेली तारेची कुरकुर एकदम उघडी पडली. म्हणजे जुने कीबोर्ड फार चांगले होते आणि हल्ली माल खराब येतो हे जे म्हणतात ते मला अर्धंच पटतं.

पूर्वी स्विच उघडायचा तर आधी सोल्डर काढावं लागायचं, कारण पत्र्याच्या प्लेटमध्ये बसलेल्या एमएक्स स्विचचं झाकण उघडायला प्लेटच आड येते. आता हॉट-स्वॅप सॉकेटमुळे, म्हणजे स्विच सोल्डरशिवाय नुसता खोचायच्या सोयीमुळे, चिमट्याने स्विच उपसून बाहेर येतो, साफ करा, ग्रीस लावा, परत बसवा. एवढंच की निळ्या स्विचच्या आतल्या टकटक करणाऱ्या बाहीला ग्रीस लावलं तर टकटकच मरते, आणि ब्राऊन रंगाच्या स्विचच्या दांडीच्या पायांना लावलं तर बोटाला लागणारा उंचवटा बोथट होतो, तिथे ब्रश न्यायचा नाही. बरेच स्विच हल्ली कारखान्यातूनच ग्रीस लावून येतात, स्टॅबिलायझरचं मात्र स्वस्त कीबोर्डमध्ये नशिबावर असतं, कधी कोरडा ठणठणीत, कधी नुसता माखलेला. सोल्डरवाला जुना कीबोर्ड असेल तरी अडत नाही, बहुतेकांत स्पेसबारची टोपी वर ओढली की तारेची दोन्ही टोकं समोर दिसतात आणि ग्रीस तिथेच लागतं.