सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातील जुनी वने आणि खाणकाम

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून असलेला सदाहरित व निमसदाहरित जंगलांचा पट्टा. राधानगरीचे जंगल आणि दक्षिणेकडील म्हादई व भीमगड अभयारण्ये या पट्ट्याने जोडली जातात, त्यामुळे वाघांच्या वावरासाठी तो महत्त्वाचा आहे. याच डोंगरांत लोहखनिज आहे आणि खाणी व्हाव्यात की वने राखावीत, या वादाचे मूळ तेच.

येथील जांभ्या मातीतील पोषक क्षार मुसळधार पावसाने धुऊन जातात. तरीही जंगल घनदाट राहते, कारण झाडांचे पोषण पालापाचोळ्याच्या वरच्या पातळ थरात चालते. बुरशी, वाळवी, गांडुळे, पैसे (अनेक पायांचे किडे) असे जीव पाने कुजवतात. मुळांशी जोडलेली बुरशी त्यातील स्फुरद (फॉस्फरस) झाडाला मिळवून देते. या मातीतील सर्वांत विलक्षण रहिवासी म्हणजे देवगांडूळ. गांडुळासारखा दिसणारा हा प्राणी खरे तर बिनपायांचा उभयचर, बेडकाचा दूरचा नातेवाईक. त्याच्या एका जातीची शास्त्रीय नोंद २००३ मध्ये आंबोलीतून झाली. ओलसर, भुसभुशीत मातीबाहेर तो जगत नाही.

लोहखनिज काढायचे तर आधी झाडे आणि मग हा वरचा थर खरवडावा लागतो. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की पाणी उपसले जाते आणि उताराखालचे झरे आटतात. टाकाऊ मातीचे ढीग पावसात वाहून शेतात व ओढ्यात उतरतात. कळणे येथील लोहखनिज खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला, तेव्हा चिखलाचा लोंढा थेट गावात शिरला. अशा ढिगांवर पुढे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याची पद्धत गोव्यात रूढ आहे. त्याने उतार हिरवा दिसतो, पण जुन्या वनाची माती त्यातून परत येत नाही. म्हणूनच भरपाई म्हणून केलेली वृक्षलागवड येथे संरक्षण ठरू शकत नाही. खाण सुरूच न होणे हाच खरा उपाय आहे.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाच्या अतिसंवेदनशील भागांत नव्या खाणींना परवानगी देऊ नये, अशी शिफारस केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यातील वृक्षतोडीला मनाई केली आणि २०२४ मध्ये येथील २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत निर्देश दिले. त्याआधी, २०२० मध्ये, याच पट्ट्यातील तिलारीच्या जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला होता.

दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे रानजायफळाची दलदलीतील राई आहे. चिखलात हवा नसल्याने या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि श्वास घेतात. गावकऱ्यांनी देवाची म्हणून राखलेली ही राई २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाली. तिचे क्षेत्र तीन हेक्टरांहूनही कमी आहे आणि तिला जिवंत ठेवणारे पाणी बाहेरच्या उतारांवरून झिरपत येते. तेव्हा तिचे संरक्षण त्या उतारांपर्यंत, म्हणजे झऱ्याच्या संपूर्ण पाणलोटापर्यंत न्यावे लागते.